भेग यंत्राला दिसते, पण यंत्र लावायचं कधी हे कोण ठरवतं?

४ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेतल्या लुईव्हिल विमानतळावर यूपीएस कंपनीचं एमडी-११ मालवाहू विमान टेकऑफ घेत असताना त्याचं डावं इंजिन निखळून पडलं. नुसतं इंजिन नाही, ते पंखाला धरून ठेवणारा पायलॉन नावाचा आधारही सोबत सुटला. त्याचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. विमानातले तिन्ही वैमानिक गेले आणि विमान जिथे कोसळलं तिथली, जमिनीवरची माणसंही गेली.

साधारण दोन आठवड्यांनी एनटीएसबी या अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने प्राथमिक अहवाल दिला. पायलॉन पंखाला मागच्या बाजूने जोडणारा एक भाग असतो, कानाच्या पाळीला भोक असावं तसा, त्याला लग म्हणतात. त्या लगमध्ये फटीग क्रॅक सापडल्या. फटीग म्हणजे धातूचा थकवा. पेपरक्लिप एकदा वाकवली तर तुटत नाही, वीस वेळा वाकवली की तुटते, तेच.

त्याच अहवालात दोन आकडे आहेत आणि मला ते अख्ख्या बातमीपेक्षा महत्त्वाचे वाटतात. विमानाने तोवर २१,०४३ सायकल्स पूर्ण केल्या होत्या. सायकल म्हणजे एक टेकऑफ आणि एक लँडिंग. आणि त्या लगची खोलात जाऊन करायची खास तपासणी ठरली होती २९,२०० सायकल्सना. म्हणजे कागदावर सगळं वेळेत चाललं होतं. तपासणी चुकवलेली नव्हती, तिची पाळीच यायची होती. आठ हजारांहून जास्त उड्डाणांनंतर.

अशा बातमीखाली कमेंट्समध्ये एक प्रश्न हमखास असतो: आपण फोनमध्ये एआय घेऊन फिरतोय आणि यांना धातूतली एक भेग सापडत नाही? तर उत्तर आहे, सापडते. तांदळाच्या दाण्यापेक्षा छोटी भेगसुद्धा सापडते. ज्या पद्धतींनी सापडते त्यातली मला सगळ्यात हुशार वाटणारी पद्धत म्हणजे एडी करंट टेस्टिंग. ती आधी समजून घेऊ, म्हणजे त्या दोन आकड्यांचं काय ते कळेल.

इंडक्शन शेगडीतलंच विज्ञान

घरी इंडक्शन शेगडी असेल तर एडी करंट तुम्ही रोज वापरता. काचेखाली तांब्याच्या तारेची चपटी कॉइल असते. तिच्यातून सतत दिशा बदलणारा करंट सोडला की वर तसंच सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात भांड्याचं बूड आलं की बुडात आपोआप करंट फिरायला लागतो, कुठलीही वायर न जोडता. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं हे तत्त्व आपण बारावीला घोकलेलं असतं. हा करंट सरळ कुठे जात नाही, नदीच्या पाण्यात भोवरे फिरतात तसा धातूतल्या धातूत गोल फिरतो. भोवऱ्याला इंग्रजीत एडी म्हणतात, म्हणून एडी करंट.

शेगडीत या भोवऱ्यांनी भांडं तापतं. वायरलेस चार्जर आणि फोन यांच्यामध्ये नाणं राहिलं तर तेही याच कारणाने तापू शकतं, म्हणून चांगला चार्जर मध्ये काही धातू आलाय का ते तपासतो आणि चार्जिंग थांबवतो. (घरी करून बघू नका.)

तपासणीत मात्र काही तापवायचं नसतं. इथे कॉइल असते पेनाच्या टोकाएवढी, तिला प्रोब म्हणतात, आणि करंट अगदी थोडा. प्रोब धातूवर टेकवला की खाली भोवरे सुरू होतात. आता गंमत अशी की हे भोवरे स्वतःचंही चुंबकीय क्षेत्र तयार करतात, आणि ते कॉइलच्या क्षेत्राच्या उलट असतं. त्यामुळे कॉइलचा करंटला होणारा एकूण विरोध, म्हणजे इम्पीडन्स, बदलतो. यंत्र फक्त हा बदल मोजत असतं. धातूमध्ये ते कधी डोकावतच नाही, आपल्याच कॉइलला काय वाटतंय एवढंच बघतं.

धातू अखंड असेल तर आकडा स्थिर राहतो. वाटेत भेग आली की भोवऱ्याला ती ओलांडता येत नाही, वळसा घालून जावं लागतं. पुण्यात रस्ता खणून ठेवला की तुमची पीएमपी बस गल्लीबोळातून फिरते तसं. भोवरा कमजोर पडतो, त्याचं उलटं क्षेत्र कमी होतं, इम्पीडन्स बदलतो आणि स्क्रीनवरचा ठिपका जागचा उडतो.

पण ठिपका इतर कारणांनीही उडतो. हात थरथरला आणि प्रोब केसभर वर उचलला गेला तरी सिग्नल बदलतो, याला लिफ्ट-ऑफ म्हणतात. रंगाचा थर जाड-पातळ असेल तर तेच. प्रोब कडेजवळ गेला तरी तेच, कारण तिथे धातूच संपतो. मग भेग कुठली आणि थरथर कुठली? इथे ही पद्धत खरी हुशार आहे. यंत्र एक नाही तर दोन गोष्टी मोजतं: सिग्नल किती मोठा आणि तो किती मागेपुढे सरकलाय, म्हणजे फेज. त्यामुळे ठिपका स्क्रीनवर आडवा आणि उभा दोन्हीकडे फिरू शकतो. तपासनीस सुरुवातीलाच सेटिंग असं लावतो की प्रोब उचलला तर ठिपका आडवा जाईल. मग भेगेचा सिग्नल वेगळ्या कोनात, वरच्या दिशेने उठून दिसतो. हे सेटिंग लावायला त्याच धातूचा एक ठोकळा असतो, त्यात माहितीतल्या खोलीच्या बारीक चिरा मुद्दाम पाडलेल्या असतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले मुद्दाम बग टाकून टेस्ट पकडते का ते बघतो, तशातला प्रकार.

दुसरा खेळ फ्रिक्वेन्सीचा. फ्रिक्वेन्सी वाढवली की भोवरे पृष्ठभागालाच चिकटून राहतात, कमी केली की खोल जातात. साध्या ॲल्युमिनियममध्ये १ मेगाहर्ट्झला ते साधारण ०.०८ मिलिमीटर खोलीपर्यंतच जोरात असतात, १ किलोहर्ट्झला अडीच मिलिमीटरच्या आसपास. इंजिनांच्या पात्यांसाठी वापरतात त्या टायटॅनियम मिश्रधातूत वीज इतकी सहज वाहत नाही, म्हणून तिथे १ मेगाहर्ट्झलाही भोवरे अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे पोचतात. वरवरची बारीक भेग हवी की खालच्या पत्र्यातली मोठी, ते आधी ठरवायचं आणि त्याप्रमाणे फ्रिक्वेन्सी निवडायची. दोन्ही एकदम उत्तम मिळत नाही.

फायदे उघड आहेत. रंग खरवडावा लागत नाही, अल्ट्रासाउंडसारखी जेल लागत नाही, उत्तर तिथल्या तिथे मिळतं. मर्यादाही तितक्याच उघड. वस्तूतून वीज वाहायला हवी. धातूच्या पोटात खोलवर असलेला दोष दिसत नाही. आणि पृष्ठभागाला समांतर पसरलेली भेग भोवऱ्यांच्या वाटेत आडवी येतच नाही, त्यामुळे ती निसटते. आणखी एक, जी पुढे कामाची आहे: प्रोबच्या खाली जेवढं येतं तेवढंच तपासलं जातं. शेजारच्या अर्ध्या इंचाबद्दल यंत्राला काहीही माहीत नसतं.

यंत्र होतं, नियम टेबलावर होता

आता २०१८ मध्ये जाऊ. १७ एप्रिलला साउथवेस्ट एअरलाइन्सचं बोइंग ७३७ न्यूयॉर्कहून डॅलसला निघालं होतं. सुमारे ३२,००० फुटांवर डाव्या इंजिनाच्या पंख्याचं एक पातं मुळाशी तुटलं. इंजिनाच्या आवरणाचे तुकडे उडून खिडकी फुटली आणि एका प्रवासी महिलेचा जीव गेला. कॅप्टन टॅमी जो शल्ट्स यांनी विमान फिलाडेल्फियाला उतरवलं, त्यामुळे बाकीचे वाचले.

त्या पात्याने ३२,००० हून जास्त सायकल्स काढल्या होत्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते ओव्हरहॉलला गेलं तेव्हा फ्लोरोसेंट पेनिट्रंट पद्धतीने तपासलं होतं. या पद्धतीत चमकणारा द्रव भागावर लावतात, तो भेगेत शिरतो, मग अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली माणूस डोळ्यांनी बघतो. एनटीएसबीच्या मते भेग बहुधा त्या वेळी होती आणि दिसली नाही. त्यानंतर ते पातं दहा हजारांहून जास्त वेळा उडालं.

आणि हे पहिलं पातं नव्हतं. ऑगस्ट २०१६ मध्ये याच कंपनीच्या दुसऱ्या ७३७ चं, त्याच प्रकारच्या इंजिनाचं पातं असंच तुटलं होतं. त्यानंतर इंजिन बनवणाऱ्या सीएफएमने ओव्हरहॉलमध्ये एडी करंट तपासणी आणली, आणि पाती इंजिनावर असतानाच करायची अल्ट्रासाउंड तपासणीही तयार केली. अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेने ऑगस्ट २०१७ मध्ये तपासणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव मांडला. प्रस्तावच. एप्रिल २०१८ मध्ये दुसरं पातं तुटलं तेव्हा अंतिम नियम निघालेला नव्हता. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी आणीबाणीचा आदेश निघाला: ३०,००० सायकल्सच्या वरची सगळी इंजिनं वीस दिवसांत तपासा.

जे आठ महिन्यांत झालं नाही ते तीन दिवसांत झालं. नियामकांची बाजूही आहे म्हणा. हजारो इंजिनं उड्डाणातून काढून तपासायची तर कंपन्या हरकती घेतात, खर्चाचे हिशोब मागतात, आणि घाईत काढलेल्या नियमात चुका राहतात. तरीही यात तंत्रज्ञान कुठेच अडलेलं नव्हतं.

२९,२०० हा आकडा येतो कुठून

हे मला समजायला वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विमानशास्त्र असं गृहीत धरतं की भेगा पडणारच. मग प्रश्न उरतात दोन. पहिला, आपल्या पद्धतीला खात्रीने दिसेल अशी सगळ्यात छोटी भेग केवढी? इथे 'एकदा दिसली' चालत नाही. वेगवेगळ्या तपासनीसांना वेगवेगळे भाग देऊन प्रयोग करतात आणि अशी लांबी काढतात की तेवढ्या भेगांपैकी ९० टक्के सापडतील, हे ९५ टक्के खात्रीने म्हणता यावं. दुसरा प्रश्न, तेवढी भेग वाढत जाऊन भाग तुटायला किती उड्डाणं लागतील? या दोन टप्प्यांच्या मधली जी खिडकी आहे तिच्यात किमान दोनदा तपासणी बसवतात, म्हणजे एकदा हुकली तरी दुसरी संधी असते. आणि पहिली तपासणी कधी सुरू करायची, तो आकडा भेग पडायला मुळात किती काळ लागेल या अंदाजावर ठरतो.

म्हणजे वेळापत्रकातला प्रत्येक आकडा हे एक मॉडेल आहे. त्यात भार किती, कंपनं किती, शेजारचा बेअरिंग ठीक आहे, अशी गृहीतकं आहेत. यातलं एक जरी ढळलं की भेग ठरल्यापेक्षा लवकर येते आणि वेळापत्रकाला ते कळत नाही. यूपीएसच्या बाबतीत तपासाची नजर नेमकी तिकडेच आहे. त्या जोडातल्या बेअरिंगची कडी तुटल्याच्या आधीच्या घटनांबद्दल बोइंगने २०११ मध्येच विमान कंपन्यांना पत्र पाठवलं होतं, पण त्यातून सुरक्षेला धोका नाही असं तेव्हाचं मत होतं. म्हणजे खुणा आल्या होत्या. कुणीतरी त्या बघितल्याही होत्या. आकडा मात्र तिथेच राहिला.

रेल्वेतही हेच घडलंय. १७ ऑक्टोबर २००० ला लंडनच्या उत्तरेला हॅटफील्डजवळ वेगात जाणाऱ्या गाडीखाली रूळ तीनशेहून जास्त तुकड्यांत फुटला, चार जण गेले. त्या रुळाला भेगा आहेत आणि तो बदलायचाय हे आधीपासून माहीत होतं. बदलायचा राहिला होता, इतकंच. नंतर ब्रिटनमध्ये रुळाच्या वरच्या कडेवरच्या भेगांसाठी एडी करंट वापरायला लागले, पण मुळातली अडचण न दिसण्याची नव्हतीच.

मग एआय लावा की!

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे हे वाक्य मला आठवड्यातून चारदा ऐकायला मिळतं. यावेळी त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

तथ्य कुठे आहे ते बघायला १९८८ चा हवाईमधला अपघात आठवावा लागतो. २८ एप्रिलला अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत २४,००० फुटांवर उडून गेलं, साधारण अठरा फूट लांबीचं. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, बाकी सगळे वाचले. विमान १९ वर्षांचं होतं, पण बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्यांमुळे सायकल्स झाल्या होत्या ८९,६८०. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या रांगेत बारीक बारीक भेगा एकमेकींना जुळत गेल्या होत्या. चढताना एका प्रवाशाला बाहेरून भेग दिसली होती, तिने कुणाला सांगितलं नाही. एनटीएसबीच्या अहवालातला माझ्या डोक्यात बसलेला भाग मात्र तपासनीसांबद्दलचा आहे: परांचीवर चढून, हातात दिवा आणि प्रोब घेऊन, एकसारखे दिसणारे शेकडो रिव्हेट एकेक करून तपासायचे. त्यातल्या बहुतेकांत काहीच नसतं. माणूस कंटाळणार नाही तर काय होणार?

ज्यांनी कधी रात्रीची ऑन-कॉल ड्युटी केलीय त्यांना हे लगेच कळेल. शंभर अलर्ट खोटे निघाले की एकशे एकाव्याकडे आपण कसं बघतो? माझा इंजिनिअरिंगचा एक मित्र चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथे बोल्ट एकामागोमाग कॉइलमधून जातात, उष्णता देऊन नीट कडक झालेत की नाही हे एडी करंटवरून कळतं, आणि नापास बोल्ट आपोआप बाजूला पडतो. तिथे माणसाने टक लावून बसायची गरजच नाही. अमेरिकी हवाई दलानेही १९८० च्या दशकापासून लढाऊ विमानांच्या इंजिनांच्या चकत्या रोबोच्या हाताने एडी करंट लावून तपासल्या आहेत. कंटाळा हा प्रश्न यंत्राने सुटतो, यात वाद नाही.

पण मॉडेल शिकवायचं कशावर? खऱ्या भेगांचे सिग्नल फार थोडे असतात, कारण सुदैवाने भेगा दुर्मिळ आहेत. चांगल्या भागांचे लाखो नमुने आणि वाईटाचे मूठभर. अशा डेटावर 'सगळं ठीक आहे' असं म्हणणारं मॉडेलही ९९ टक्क्यांच्या वर अचूक दिसतं. मुद्दाम कापलेली चीर आणि थकव्याने पडलेली भेग यांचे सिग्नलही हुबेहूब सारखे नसतात. शिवाय लुईव्हिलच्या त्या लगला प्रोब लागलाच नव्हता. न घेतलेल्या सिग्नलवर कुठलं मॉडेल चालवणार? एआय खरं कामाला यायचं तर ते प्रोबच्या टोकाशी नाही, वेळापत्रकाच्या टेबलावर लागेल: कुठल्या ताफ्यात कुठला भाग अपेक्षेपेक्षा लवकर झिजतोय, २०११ सारखी पत्रं कुठल्या भागाबद्दल वारंवार येतायत, हे जोडून बघायला. त्यासाठी कंपन्यांनी आपला डेटा एकमेकांना दाखवावा लागतो, आणि तिथे अडचण अल्गोरिदमची नाही, वकिलांची आहे.

आपल्याकडे

हे सगळं दूरचं नाही. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली. साउथवेस्टच्या विमानात होती त्याच जातीची इंजिनं आपल्याकडच्या जुन्या ७३७ मध्येही आहेत. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचं केंद्र आहे. तिथे येणाऱ्या बोइंग ७८७ चा सांगाडा बराचसा कार्बन फायबरचा असतो, तिथे एडी करंटचा उपयोग मर्यादित आणि अल्ट्रासाउंडचा जास्त. म्हणजे तपासनीसाला दोन्ही यावं लागतं. आपल्या रेल्वेचे रूळही मुख्यतः अल्ट्रासाउंडने तपासले जातात.

डिप्लोमा किंवा मेकॅनिकल करून 'आता काय' म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती: या तपासण्यांचे लेव्हल १, २, ३ असे दर्जे असतात आणि प्रत्येक पद्धतीचं सर्टिफिकेट वेगळं. इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग ही संस्था अशा परीक्षा घेते. लेव्हल २ ला तुम्ही स्वतः सिग्नल वाचून भाग पास की नापास हे सही करून सांगता. विमान असो की कारखान्यातल्या हीट एक्स्चेंजरच्या नळ्या, सही तुमची. सर्टिफिकेट घेताना प्रॅक्टिकलला खरं यंत्र हातात देतात का, हे आधी विचारा. नुसत्या स्लाइड दाखवणारे क्लास बरेच आहेत.

लुईव्हिलनंतर अमेरिकेत एमडी-११ विमानं तपासणीसाठी जमिनीवर बसवली गेली. तपासाचा अंतिम अहवाल मी उघडेन तेव्हा दोन गोष्टी आधी शोधणार आहे: २९,२०० च्या जागी कुठला आकडा आला, आणि त्या नव्या आकड्यासाठी गृहीत काय धरलंय.